कडावचा पडदा

कडाव, तालुके कर्जत, जिल्हा कुलाबा
रविवार, पौष वद्य षष्ठी
ता. २३ जानेवारी १९२७

चि. धाकलू यास चांगोचे आशीर्वाद.

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून तू आधी पाकीट उलटंपालटं करशील, भलत्याचं तर आलं नाही ना म्हणून. तुझंच आहे आणि मीच लिहितो आहे. भात झोडून झालं. वाल यंदा बरे आहेत. शाळेचा पट एकतीसवर गेला, त्यातल्या नऊ मुली आहेत, हे इन्स्पेक्टरसाहेबांनाही खरं वाटेना. घरचं पुढं लिहितो. आधी मुंबईचं लिहितो, कारण गेल्या रविवारी आपल्या गावची अकरा माणसं घेऊन मी मुंबईत येऊन गेलो.

हे खूळ पदूकाकांचं. ज्यांनी देवळासमोर उभं राहून तुझं पान-पाणी बंद केल्याचं सांगितलं, तेच पंच पदूकाका. एकदा शाळेच्या ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "मास्तर, इलाक्याची राजधानी मुंबई, मुंबई म्हनून पोरांना घोकायला लावता. आमाला दावा तरी ती राजधानी!" मी ट्रेनिंगला असताना मुंबई दोनदा पायी हिंडलो होतो, वही भरून टिपणं काढली होती. खरं सांगायचं तर मलाही मिरवायचं होतं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी निघायचं म्हणत होतो, तर पदूकाका उखडले, "किंक्रांतीला कोन घर सोडतो?" म्हणून रविवार ठरला. आई म्हणाली, मी येणार. नको म्हणायला मला कारण सापडलं नाही.

पहाटे बैलगाड्यांनी कर्जत गाठलं. हरवू नये म्हणून पदूकाकांनी बैलांचा कासरा बरोबर घेतला होता. बोरीबंदरला उतरल्या उतरल्या तो सगळ्यांच्या हातात दिला. पुढं मी, शेवटी ते, आणि मध्ये गाव. एवढ्या मोठ्या शहरात आम्ही बारा जण दोरीला धरून चाललो होतो आणि लोक थांबून बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण दुपारपर्यंत एकही माणूस हरवलं नाही, हेही लिहायला हवं.

बोरीबंदराच्या भिंतीवर दगडात कोरलेले मोर, माकडं, वेली दाखवल्या आणि सांगितलं की हे काम शेजारच्या चित्रशाळेतल्या मुलांच्या हातचं आहे. कासरा धरलेली चंद्राबाई म्हणाली, "शाळेत ह्ये शिकवत्यात? मग आमच्या पोरांना तुमी उगंच पाढे शिकवता." चित्रशाळेच्या आवारात झाडाखाली एक विद्यार्थी कागदावर काही काढत बसला होता. त्यानं चंद्राबाईला जरा उभं राहायला सांगितलं, तर कासऱ्यासकट सगळं गावच उभं राहिलं, हालचाल नाही की बोलणं नाही. पाऊण तासानं कागद पाहिला तर त्यावर चंद्राबाईची नुसती नथ. आई मात्र त्या मुलाच्या हाताकडेच बघत होती. निघताना त्याला म्हणाली, "जेवलास का रं बाबा?"

कोटात गेलो. तट कुठं आहे ते पदूकाका विचारत राहिले. तो पाडून साठ वर्षं झाली, म्हणालो. "तट पाडला आनि कोट म्हनत्यात? बरं हाय बाबा." टाऊन हॉलच्या पायऱ्यांवर बसून भाकऱ्या खाल्ल्या. काळा घोडा पाहिला. अपोलो बंदरावरची नवी कमान पाहिली. तिथं मी राजा, राणी, सन, तारीख सगळं सांगितलं, ते कुणी ऐकलं नाही, कारण समोर समुद्र होता.

घुमटाच्या अजबखान्यात मात्र फजिती झाली. तिथं जुनी दगडी देवी मांडून ठेवली आहे. चंद्राबाईनं कनवटीचं हळदकुंकू काढून तिला लावलं आणि पुढ्यात तिळगूळ ठेवला. पहारेकरी ओरडत धावला. मी शरमेनं लाल झालो. इतक्यात आईनं दुसरा तिळगूळ काढून त्याच्याच हातावर ठेवला, "घ्या बाबा, गोड बोला." त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि तोंडात टाकला.

इथवर सगळं माझ्या वहीप्रमाणं चाललं होतं. पुढं भुलेश्वर, मुंबादेवी, वाळकेश्वरचं तळं असा बेत होता. वहीत गिरगाव मी घातलं नव्हतं. ट्रामपाशी आलो तेव्हा आई म्हणाली, "चांगो, मला नाटकाचं घर बगायचं."

कशासाठी, ते मला कळलं. तू नाटकाचे पडदे रंगवतोस एवढंच तिला माहीत. कुठं, कुणाकडं, ते नाही. मला माहीत होतं. तुझ्या पाकिटामागं पत्ता असतो. होय, तुझी पत्रं मिळाली. सातही.

तर मी त्यांना गिरगावात नेलं आणि तुझ्या पत्त्यावरचं नाटकगृह टाळून दुसऱ्याच नाटकगृहात नेलं. म्हटलं, आईनं एक पाहिलं की झालं. तुमच्या कंपनीनं मुक्काम हलवून त्याच नाटकगृहात बिऱ्हाड टाकलं आहे, हे मला काय ठाऊक! तुझं शेवटचं पत्र मी नीट वाचलंच नव्हतं.

रात्रीच्या खेळाची तयारी चालली होती. म्हाताऱ्या डोअरकीपरला पदूकाकांनी तंबाखू दिली, त्यानं आत बसू दिलं. सुतार एकेक पडदा सोडून बघत होते. पहिला राजवाड्याचा, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग तुरुंगाचा आला, तो कर्जतच्या कचेरीसारखाच आहे असं ठरलं. मग जंगलाचा. मग चौथा पडदा हळूहळू उलगडत खाली आला, आणि आधी त्यात माथेरानचा लांबट माथा दिसला.

मग देऊळ आलं, वालाची शेतं आली, विहीर आली. चंद्राबाई ओरडली, "अगं बया, ह्ये तर माझं घर!" आणि कासरा टाकून सगळे पुढं धावले. जो तो आपलं घर शोधू लागला. तू कुणाचंही सोडलं नाहीस. कोपऱ्यातला गोठासुद्धा नाही. चंद्राबाईच्या घरावर तू पेंढा काढला आहेस. तिनं डोअरकीपरला खडसावून सांगितलं, "आमी कौलं घातली, तीन वर्सं झाली. रंगवनाराला सांगा, कौलं कर म्हनावं." पदूकाका त्यांच्या दारापुढच्या बैलांशी वाकून उभे होते. बराच वेळ बघून म्हणाले, "तांबड्याचं शिंग बगा. मोडलंय तिथंच मोडलंय." तांबडा विकून पाच वर्षं झाली.

आपलं घर मला शोधावं लागलं नाही. दारातल्या आंब्याखाली बा बसला आहे, पायाच्या अंगठ्यात सुंभ धरून दोर वळतो आहे, मान डावीकडं कललेली. आई सगळ्यांच्या मागून पुढं आली. जवळ गेली नाही, हात लावला नाही. चार हात अलीकडं थांबली आणि बा समोर असला की घ्यायची तसा पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. धाकलू, मी सहा इयत्ता शिकवतो, मला पुष्कळ शब्द येतात, पण तेव्हा मला काय वाटलं ते मला इथं लिहिता येत नाही.

"कोनी रंगवलाय?" तिनं विचारलं.

डोअरकीपर कौतुकानं सांगू लागला. "आमचे धाकलू पेंटर. तुम्ही कडावचे? अहो, तेही कडावचेच! दोन वर्षांपूर्वी स्वतःहून केला हा पडदा. मालकांनी विचारलं, असलं गाव कुठल्या नाटकात आहे? तर म्हणाले, नसलं तर लिहून घ्या. कालच पुण्याला गेलेत, पंचवीस तारखेला येतील." मग आवाज उतरवून म्हणाला, "गुणी माणूस, पण एक दुःख आहे. गावी भाऊ आहे, मास्तर. दर दिवाळीला त्याला पत्र टाकतात. सात वर्षांत एका ओळीचं उत्तर नाही. मी म्हणतो, भाऊ मेला असेल. तर म्हणतात, नाही हो, शाळेचं काम फार असतं त्याला."

सगळं गाव माझ्याकडं बघायला लागलं. आईनं तेवढं पाहिलं नाही. ती पडद्याकडेच बघत होती.

आता लिहितोच.

तू आवडीशी पाट लावलास तेव्हा विधवेशी लावलास म्हणून कुणी काही म्हणालं नव्हतं, आपल्यात पाट लागतातच. ती परजातीची, म्हणून पंच बसले. तेव्हा आपल्या बहिणीचं, जनाचं लग्न ठरत होतं. मुलाकडच्यांनी अट घातली की तुझ्याशी घरातल्या कुणाचा येण्याजाण्याचा, लिहिण्याबोलण्याचा संबंध असू नये. मी देवळात अंगारा उचलून तसं सांगितलं. तुझं पहिलं पत्र आलं ते जनाच्या हळदीच्या आठ दिवस आधी. कर्जतहून येणारा पोस्टमन सगळं टपाल शाळेत माझ्याच हाती देतो. मी ते पत्र शाळेच्या कपाटात ठेवलं, म्हटलं, लग्न होऊन जाऊ दे, मग आईला वाचून दाखवीन. जनाचं लग्न झालं, दोन मुलं झाली. पण दुसरं पत्र दाखवायचं तर पहिल्याचं काय सांगू? तिसऱ्याच्या वेळी दोन लपवलेली होती. असं करत सात झाली. घरात वाचता येणारा मी एकटा. आई दर दिवाळीला विचारायची, मी दर दिवाळीला नाही म्हणायचो. पुढं तिनं विचारणं सोडलं आणि मला हायसं वाटलं. बघ, असाही मी आहे.

पण हे एवढंच असतं तर मी आज हातपाय धरून क्षमा मागितली असती आणि पत्र संपवलं असतं.

धाकलू, बा गेला. साडेतीन वर्षं झाली. तेविसच्या श्रावणात ताप आला आणि आठव्या दिवशी गेला. प्रत्येक पत्रात तू विचारतोस, बा कसा आहे, अजून पहाटे खोकतो का. आणि तुझ्या पडद्यावर तो अजून दोर वळतो आहे.

पाचव्या दिवशी त्याला शुद्ध होती. मी पेज भरवत होतो. म्हणाला, "धाकल्याचं काय पत्रबित्र?" तुझं तिसरं पत्र तेव्हा कपाटात होतं. त्यात तू लिहिलं होतंस, बाला सांग, राजाच्या महालाचे खांब मी रंगवलेत, एकदा येऊन हात लावून बघ, दगडाचेच वाटतील. ते मला पाठ होतं, नुसतं तोंडानं म्हटलं असतं तरी चाललं असतं. मी म्हणालो, "नाय आलं." त्यानं पेजेचा वाडगा बाजूला सारला. मग म्हणाला, "बरा असंल. बरा असला मंजे मानूस लिवत नाय." आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा शिवेना. सगळं गाव उन्हात उभं. जनानं सांगितलं, आईला बघीन. मी सांगितलं, शेत विकणार नाही. पदूकाकांनीसुद्धा सांगितलं, बांधाचं भांडण मिटवीन. कावळे झाडावर बसून होते, एकही खाली येईना. कशात जीव अडकला आहे ते तिथं मला एकट्यालाच ठाऊक होतं. शेवटी मी मनात म्हणालो, बा, धाकलूला पत्र लिहीन. लगेच कावळा आला. लोकांनी मला विचारलं, काय बोललास? मी म्हणालो, काही नाही.

आणि त्यानंतर साडेतीन वर्षं मी लिहिलं नाही. जिवंतपणी बाशी खोटं बोललो, ते एक. पण गेल्यावरही त्याला फसवलं. तू मला काय म्हणशील ते म्हण, मी आधीच म्हणून ठेवलं आहे.

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली होती. नेरळ गेल्यावर पदूकाका मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मला आताशा लांबचं दिसत नाय. कोन कुठं गेलं, कोनाच्या घरी पानी प्यालं, मला काय दिसायचं नाय." चंद्राबाई म्हणाली, "मला बी नाय." मग एकेक करून सगळ्यांचीच नजर अधू झाली. म्हातारा वाईट नाही रे. त्या दिवशी तो पडद्यापुढून हलतच नव्हता.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आन." दुसऱ्या दिवशी शाळेतून सातही पत्रं आणली. तिनं दार लावून घेतलं आणि मला वाचायला बसवलं. मध्ये एकदाही रडली नाही. एकेक संपलं की घेऊन मांडीखाली ठेवायची. तुझ्या मुलीला तू आईचं नाव ठेवलंस ते आलं तेव्हा तेवढं पुन्हा वाचायला लावलं. शेवटी म्हणाली, "आता बाचं त्याला तू लिव. त्याच्या दारात जाईन मी, पर आधी पत्र गेलं पायजे. माझं मोकळं कपाळ बगून त्याला कळाया नको." म्हणून हे पत्र. सोमवारपासून रोज लिहायला बसलो आणि आज रविवार उजाडला.

पुढच्या रविवारी, तीस तारखेला, सकाळच्या गाडीनं आई येते. तुझ्याकडं राहणार आहे, तुझ्या घरचं खाणार आहे. तिला बोरीबंदरला गर्दीत उभं करू नको, मी घरापर्यंत आणून सोडतो. तिनं मला सांगितलं आहे, "तू खालीच उभा राह्य. जिना चढू नको." ते बरोबरच आहे. आवडीला माझा नमस्कार सांग. ती मला थोरला मानते की नाही, मला ठाऊक नाही, पण नमस्कार मी करतो.

पाकीट मी चिकटवलेलं नाही. मी काय लिहिलं याचा आईला भरवसा नाही. कर्जतचा वाल्मिक पोस्टमन उद्या आला की त्याच्याकडून ती सगळं वाचून घेईल आणि मगच त्याच्या हाती देईल. माझ्या आईला माझं अक्षर आता परक्याकडून वाचून घ्यावं लागतं, यापरतं मला शासन नाही.

बाचा दोर अर्धाच राहिला आहे, तो आढ्याला टांगून ठेवलाय. आई बरोबर आणेल. तो तुझा.

चांगो

ता. क. मी वाल्मिक पोस्टमन, सोमवारी दुपारी बायजाबाईंच्या ओट्यावर बसून हे पत्र त्यांना अक्षर न् अक्षर वाचून दाखवलं. बाई म्हणाल्या, समदं खरं लिवलंय. मग म्हणाल्या, दोन वळी माझ्या घाल, मास्तरला सांगू नको. त्या सांगतात तसं लिहितो:

धाकल्या, चांगोला मी खाली उभा राह्य म्हनले त्ये रागानं म्हनले. तू त्याला वर घे. त्यानं लई वर्सं एकट्यानं काढली. पाया पडायचं, रडायचं त्ये मागनं करा. आदी दोगंबी हात धुवा आनि जेवाया बसा. मी वाडते.

बायजा, तिच्या अंगठ्याची खूण